पाहुण्यांसाठी झाकलेल्या चुली

हैदराबादच्या नीमबाग बस्तीत कुणालाही त्रिवेणीबाईचं घर विचारा, माणूस घर दाखवणार नाही, चूल दाखवील. बरकतपुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, अगदी बस्तीच्या तोंडाशी, दिवस कलला की चुलींची एक ओळ पेटते. तिच्यातल्या पहिल्या चुलीमागे पाटावर बसलेली, पदर कानामागे खोवलेली, परातीत पीठ मळणारी जी ठसठशीत बाई दिसेल, ती त्रिवेणीबाई. ज्वारीच्या भाकरी थापून विकणं हा तिचा धंदा. तेलुगू बोलणारे त्या भाकरीला जोन्न रोट्टे म्हणतात, जुने हैदराबादी जवारी की रोटी म्हणतात, आणि ज्यांचा भात डॉक्टरनं बंद केलाय ते काहीच म्हणत नाहीत, पडेल चेहऱ्यानं नुसती बोटं दाखवतात. या शेवटच्या लोकांवर त्रिवेणीबाईचा विशेष जीव. "तुमच्या शुगरवर माझी चूल चालती," असं ती त्यांना तोंडावर सांगते, आणि वर "पायी येत जावा, सॉब, स्कूटरवर नक्को" असा सल्लाही फुकट देते.

तिच्या सासऱ्यांनी देगलूरकडची शेती भावाच्या हवाली केली आणि ते बेगम बाजारात हमालीला आले. नवरा नामदेवराव तिथंच एका मसाल्याच्या दुकानात तराजूवर उभा राहिला आणि तराजूवरच म्हातारा झाला. आता घरी असतो, पण शर्टाची घडी मोडली की अजून धण्या-मिरचीचा वास येतो. त्रिवेणीबाई लग्न होऊन आली तेव्हा गावाकडचे हमाल भात खाऊन कंटाळलेले असत. त्यांच्यासाठी तिनं भाकरी थापायला घेतल्या. मग शेजारची यादम्मा तिच्याजवळ येऊन बसली. ती नलगोंड्याकडची, मराठीचा गंध नाही, पण पिठाला पाण्याचा हात किती लावायचा हे पहिल्याच दिवशी बरोबर कळलेली. तिच्यामागून आणखी बायका आल्या. कुणाचा नवरा दारू पिणारा, कुणाचा चांगला पण आजारी, कुणाला नवराच नाही. ओळ वाढत गेली. थापण्याचा आवाज एकदा सुरू झाला की सगळी बस्ती सुखानं कामाला लागते.

तर अशा या बस्तीत एक दिवस बातमी आली की सरकार जुनी घरं पाडून त्याच जागी इमारती बांधणार. ज्याचं घर त्याला फ्लॅट, पाणी घरात, संडास घरात. आधी कुणाचा विश्वास बसेना. मग नामदेवरावांचा बसला, कारण बस्ती कमिटी नेमायची ठरली आणि तिचे अध्यक्ष तेच झाले. आयुष्यभर दुसऱ्याच्या गादीसमोर उभा राहिलेला माणूस. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर एक फिरती खुर्ची पाहून ठेवली. नव्या इमारतीत कमिटीचं ऑफिस होणार, रस्त्याला तोंड करून होणार, आणि त्यात ती खुर्ची ठेवणार. ही गोष्ट ते इतक्यांदा सांगत की सून रेणू भांडी घासता घासता पुढचं वाक्य आधीच बोलून टाकी.

आराखडा करणाऱ्या कंपनीनं सांगितलं की आमची माणसं येऊन बस्ती बघतील, लोकांशी बोलतील, तुम्हाला काय पाहिजे ते विचारतील. येणारी आर्किटेक्ट सायली नावाची मुलगी होती, पुण्याची. हे कळलं आणि सगळा घोटाळा तिथंच सुरू झाला.

कुणी तेलुगू साहेब आला असता तर यादम्मानं त्याला चुलीसमोर उभं करून चार गोष्टी सुनावल्या असत्या. पण मराठी मुलगी म्हणजे माहेरचं माणूस. इतक्या वर्षांत त्या गल्लीत, गावाकडचे हमाल सोडले तर, मराठी बोलणारं कुणी बाहेरून आलंच नव्हतं. नामदेवरावांनी फर्मान काढलं, "पोरगी पहिल्यांदा येऊ लागली. बस्ती कशी आरशासारखी दिसली पाहिजे." त्रिवेणीबाईनं तर ते डोक्यावरच घेतलं. त्या दिवशी ओळीतल्या सगळ्या बायकांनी धंदा बंद ठेवला. चुलींवर पत्रे टाकले, पत्र्यांवर सारवलं, सारवणावर रांगोळ्या काढल्या. परातींचा ढीग यादम्माच्या पलंगाखाली गेला. बेगम बाजारातून आणलेल्या खोक्यांच्या फळ्या, ज्या जळणाला लागत, त्या मागच्या भिंतीशी रचून त्यावर सतरंजी घातली. पाहुणे आले की घरातला पसारा झाकायचा, हे कुठल्याही मराठी बाईला शिकवावं लागत नाही. पण इथं तो पसारा म्हणजे त्यांचं पोट होतं, आणि ते एकीच्याही ध्यानात आलं नाही.

सायली आली. गोड मुलगी, वहीत चित्रं काढत सगळीकडे फिरली. तिला चहा झाला, पोहे झाले, खणही झाला. तिनं सगळ्यांना बसवून विचारलं, "मावशी, नव्या इमारतीत तुम्हाला काय काय हवंय? मोकळेपणानं सांगा."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पाहुणीकडे मागायचं? दारात आलेल्या लेकीकडे?

"तू देशील ते चांगलंच असंल, माय," त्रिवेणीबाई म्हणाली. "आमचं काही मागणं नाही."

यादम्माला मराठी कळलं नव्हतं, पण अक्कानं, म्हणजे त्रिवेणीबाईनं, मान हलवली म्हणून तिनंही हलवली. एकट्या नामदेवरावांनी कमिटीच्या ऑफिसचं तेवढं आठवणीनं सांगितलं.

पुढं काही आठवड्यांनी सायलीनं समाज मंदिरात मोठा कागद भिंतीवर लावला. चित्र बघून लोकांचे डोळे विस्फारले. काय ते जिने, काय त्या गच्च्या! खाली गाड्या लावायला जागा, एक बालवाडी, झाडं, आणि रस्त्याच्या तोंडाशी, जिथं आज चुलींची ओळ होती तिथं, काचेच्या दाराचं कमिटी ऑफिस. नामदेवराव त्या चौकोनासमोरून हलायलाच तयार नव्हते.

त्रिवेणीबाईनं कागद डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला. मग विचारलं, "अन् आमच्या चुली, बाई?"

"कुठल्या चुली?" सायलीनं विचारलं.

ती खोटं बोलत नव्हती. तिनं रांगोळ्या पाहिल्या होत्या. तिच्या वहीत रांगोळ्यांचं चित्रसुद्धा होतं, आणि खाली लिहिलं होतं की प्रवेशाशी बायका सण साजरे करतात. त्रिवेणीबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

घरी आल्यावर तिनं कपाळावर हात मारून घेतला. तिला फ्लॅट नको होता असं नाही. पावसाळ्यात घरात शिरणारं नाल्याचं पाणी तिनं आयुष्यभर उपसलं होतं. नळाचं पाणी घरात येणार या कल्पनेनंच तिला गहिवरून येई. पण वर फ्लॅटमध्ये बसून भाकरी थापायची कुणासाठी? खालच्या घरातले वरच्या थापण्यानं हैराण होतील, आणि गुडघे धरून फिरायला निघालेले शुगरवाले काही लिफ्टनं भाकरी घ्यायला वर येणार नाहीत. रस्त्यालगतची ती जमिनीवरची जागा गेली की ओळ मोडली. मग बायकांनी काय करायचं? यादम्मानं परत लोकांच्या घरी धुण्याला जायचं? या विचारानं तिला अन्न गोड लागेना. रागवायचं तरी कुणावर? पत्र्यावर शेण तिनंच फिरवलं होतं.

"ऑफिस मागं सरकवा की," तिनं नवऱ्याला म्हणून पाहिलं.

"मागं?" नामदेवराव दुखावलेच. "संडासाच्या टाकीजवळ अध्यक्षानं बसायचं का? तू माझा मान कशाला काढायलीस?"

त्या दिवशी नामदेवरावांना भाकरी वाढताना त्रिवेणीबाईनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही, आणि चाळीस-एक वर्षांच्या संसारात याचा अर्थ त्यांना चांगला कळत होता.

दुसऱ्या दिवशी ती यादम्माला घेऊन आबिड्सला निघाली. सायलीच्या कंपनीनं तिथं एका जुन्या इमारतीत दोन खोल्या घेतल्या होत्या. ऑटोत बसल्यावर यादम्मानं दखनीत विचारलं, "अक्का, क्या बोलना उस पोट्टी को? लड़ना क्या?"

"नक्को," त्रिवेणीबाई म्हणाली. "गलती अपनीच है. सच बोलना."

आणि तिनं सायलीला खरंच सगळं जसं झालं तसं सांगितलं. पत्रे, सारवण, पलंगाखालच्या पराती, सगळं. "तू पाहुणी म्हणून आम्ही झाकलं बघ. तुला धूर लागू नये, तुझ्या कपड्याला पीठ लागू नये म्हणून. आमचीच अक्कल शेण खायला गेली होती." हे सांगताना तिचे डोळे भरले आणि त्याची तिला भारी लाज वाटली.

सायलीनं वहीतलं रांगोळ्यांचं पान काढून पाहिलं. मग म्हणाली, "मावशी, माझंही चुकलंच. मी सांगून आले. तेही भर दुपारी. कामाच्या वेळी आलेच नाही."

"मग आता न सांगता ये," त्रिवेणीबाई म्हणाली. "अन् पोहे मिळणार नाहीत."

सायली आली ती तिन्हीसांजेला, एकटी, स्कूटर लांब लावून. तिनं पाहिलं तो चुलींची ओळ धडधडून पेटलेली, बायकांचे हात एका लयीत चाललेले, आणि रस्त्यावर गिऱ्हाइकांची ही गर्दी! त्या गिऱ्हाइकांत तिला कुणी ओळखत नव्हतं. गर्दीत तिला तिच्या भाकरीसाठी थांबावं लागलं. गरम भाकरी, वर तिखटजाळ ठेचा. खाताना तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. हे पाहून त्रिवेणीबाईचा अर्धा जीव भांड्यात पडला.

पण जागेचा प्रश्न नुसत्या भाकरीनं सुटत नसतो. खालच्या मजल्यावरची वीत न वीत वाटून झालेली होती. गाड्यांची जागा कमी केली तर पोरं भांडणार, बालवाडी काढली तर सगळ्यांचाच शाप लागणार. सायली म्हणाली, कागदावर भांडण्यापेक्षा आपण जमिनीवरच बघू. बस्तीलगतच्या मोकळ्या मैदानात तिनं चुन्याची फक्की आणून खालचा सगळा मजला खऱ्या मापात आखला. हा जिना, ही बालवाडी, हा गाड्यांचा तळ. मैदानाच्या रस्त्याकडच्या बाजूला, तोंडाशी, कमिटीचं ऑफिस. लोकांना तिनं सांगितलं, आज संध्याकाळी सगळ्यांनी इथं आपापलं रोजचं काम करायचं, म्हणजे कोण कुणाच्या पायात येतं ते दिसेल.

नामदेवरावांनी संधी सोडली नाही. त्यांनी ओळखीच्या दुकानातून ती फिरती खुर्ची एका दिवसाच्या बोलीवर आणली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि चुन्याच्या चौकोनात मधोमध जाऊन बसले. बायकांना दुसरी जागाच नव्हती. गिऱ्हाईक रस्त्यावरून येणार, तर चूल रस्त्याकडेलाच पाहिजे. त्यांनी ऑफिसच्या रेघेला लागून चुली मांडल्या.

मग व्हायचं ते झालं. वारा नेमका अध्यक्षांच्या दिशेनं सुटला. सगळा धूर ऑफिसात. गिऱ्हाइकांना चुन्याच्या भिंती कुठल्या दिसायला? ती सरळ ऑफिसात शिरली आणि खुर्चीवर बसलेल्या, गल्ल्यावरच्या मालकासारख्या दिसणाऱ्या माणसाला विचारू लागली.

"चाचा, दो रोटी देना."

"ये ऑफिस है," नामदेवराव म्हणाले.

"हौ, मालूम है. चटनी भी दो."

पहिल्या दोघांना त्यांनी हाकललं. तिसरे बरकतपुऱ्यातले एक वयस्क मास्तर होते, हातात काठी, उभं राहवत नव्हतं. नामदेवराव बघत राहिले. मग उठले आणि त्यांनी मास्तरांना आपल्या खुर्चीत बसवलं. स्वतः चुलीपाशी गेले, भाकरी कागदात गुंडाळली आणि त्यांच्या हातात दिली. मास्तर म्हणाले, "अच्छा किया भई, बैठने को जगह बनाई. रोज खड़े खड़े पाँव दुखते."

तराजूवर आयुष्य काढलेला माणूस, गिऱ्हाईक समोर असलं की त्याचे हात आपोआप चालतात. थोड्या वेळानं इस्त्रीचा शर्ट पिठानं पांढरा झाला, आणि अध्यक्ष "एक एक आओ, लाइन लगाओ" असं ओरडत होते. इतके खुशीत ते कमिटीच्या कुठल्याही बैठकीत दिसले नव्हते. त्रिवेणीबाई थापता थापता तिरक्या नजरेनं सगळं बघत होती. तिला हसू येत होतं.

गर्दी पांगल्यावर नामदेवराव सायलीजवळ गेले. "बाई, हे ऑफिस वर घ्या, पहिल्या मजल्यावर. नाहीतर गच्चीत घ्या. मला कोण येतंय भेटायला?" मग बायकोकडे न बघता म्हणाले, "फक्त गिऱ्हाइकाला टेकायला एक बाक पाहिजे. म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात."

त्या दिवशी त्रिवेणीबाईनं त्यांच्या ताटात वाढलेल्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला.

धुराचा प्रश्न राहिलाच होता. वरच्या मजल्यांवर कपडे वाळत घालायचे तर खाली लाकडं जाळून चालणार नाही, हे बायकांनाही मैदानात डोळे चोळताना पटलं होतं. गॅसच्या मोठ्या शेगड्या घ्यायच्या ठरल्या. यावर मात्र ओळीत खडाजंगी झाली. यादम्मा तर रुसून बसली. गॅसवर भाकरीला चव येत नाही, असं तिचं म्हणणं, आणि खरं सांगायचं तर ते बरोबरच होतं. त्रिवेणीबाईनं स्वतः पहिली भाकरी गॅसवर भाजून खाल्ली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "होईल सवय." अजूनही काही जुनी गिऱ्हाइकं कुरकुर करतात. ती त्यांना ठेचा जास्त वाढते.

बांधकाम चाललं तितके दिवस सगळी बस्ती मैदानातल्या पत्र्यांच्या खोल्यांत राहिली. उन्हाळ्यात तिथं भाजून निघायची वेळ आली, पण कामाची एक अट सायलीनं ठेकेदाराच्या गळी उतरवली होती, की इमारतीवर बस्तीतली माणसंही घ्यायची आणि त्यांना काम शिकवायचं. पोरं वायरिंगला गेली, प्लंबिंगला गेली. आणि रेणू, जी घरात सासूसमोर मान वर करून बोलत नसे, ती फरशी बसवायला शिकायला गेली. त्रिवेणीबाईनं आधी नाक मुरडलं. सुनेनं थापी धरायची? पण रेणूचा हात असा बसला की फरशीला फरशी मिळाली तर नखसुद्धा आत जाऊ नये. ऑफिसच्या जागी ठरलेला भाकरीचा ओटा बांधायची वेळ आली तेव्हा मिस्त्रीनं तिलाच पुढं केलं. सासू कडेला पाटावर बसली आणि सूचना देऊ लागली. इकडं उतार दे, पीठ धुतलेलं पाणी तिकडं जायला पाहिजे. हे जरा खाली घे, माझे गुडघे दुखतात.

"आत्या," रेणू मान वर न करता म्हणाली, "मी तुम्हाला भाकरी कशी थापायची ते सांगते का?"

त्रिवेणीबाई एवढ्या मोठ्यानं हसली की मिस्त्री दचकला. आता रेणू शहरभर कामाला जाते. तिचं नाव निघालं की सासू ऐटीत सांगते, "माझी सून हाय ती. फरशीवाली."

घरांच्या चाव्या मिळाल्या. नळाला पाणी आलं तेव्हा त्रिवेणीबाई उगाचच तो उघडून बंद करून पाहत राहिली. मग उद्घाटनाचा दिवस ठरला. कुणी मोठे साहेब येणार होते, सोबत परगावचे पाहुणे, कॅमेरेवाले. वेळ नेमकी संध्याकाळची. सकाळपासून अध्यक्षांची धावपळ चालली होती. दुपारी त्यांनी एक भलामोठा जरीचा पडदा आणला आणि ओट्यापुढं बांधायला घेतला.

"हे काय?" त्रिवेणीबाईनं विचारलं.

"पाहुणे येऊ लागलेत. परात, पीठ, पसारा... फोटोत बरं दिसत नाही. आजच्या दिवस झाकू."

आणि गंमत अशी की तिचेही हात पुढं झाले. पडद्याचं एक टोक तिनं धरलं, ओढून सारखंसुद्धा केलं. यादम्मानं पराती उचलायला सुरुवात केली. मग त्रिवेणीबाईला एकदम आपण काय करतोय ते कळलं, आणि तिनं टोक असं सोडलं की नामदेवराव शिडीवर डुलले.

"काढा तो," ती म्हणाली. "आवो, एकदा झाकून बघितलं की आपण. एवढ्यात विसरलात?"

नामदेवरावांनी गाठ सोडली, पडद्याची घडी केली आणि ती बाकावर पसरली, बसणाऱ्यांना मऊ लागावी म्हणून.

साहेब आले तेव्हा ओटा रंगात आला होता. थापण्याचा आवाज सगळ्या इमारतीत घुमत होता, गिऱ्हाईक दाटलं होतं, बाकावर मास्तर काठी घेऊन बसले होते. मागं सायली उभी होती, यावेळी सांगून आलेली. साहेबांनी हात जोडले. त्रिवेणीबाईनं पिठाचे हात तसेच जोडले, पदर सावरायलाही थांबली नाही, आणि म्हणाली, "या, सॉब. भाकरी खाऊनच जायचं. पण जरा थांबावं लागंल, पुढं गिऱ्हाइकं हायेत."

साहेब हसले आणि जाऊन मास्तरांच्या मागं रांगेत उभे राहिले.